पावसावर आळ घेण्याआधी

वाळवा तालुक्यातल्या एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी लिहिलंय, म्हणून पत्रातलं कामापुरतं तेवढं देते.

‘आमची दीड एकर द्राक्षबाग आहे, बाकी सगळा ऊस. एप्रिलात खरड छाटणी झाली, फुटवे झकास निघाले. मेच्या मध्यात वळवाचा पाऊस झाला आणि चौथ्या दिवसापासून पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळायला लागल्या. कुणी उदबत्तीनं कडेकडेनं चटके दिलेत असं वाटतं. पश्चिमेकडच्या ओळी जास्त गेल्यात. त्याच बाजूला तीनशे पावलांवर माझ्या चुलत दिरांची वीटभट्टी आहे. साखर कारखानाही लांब नाही, थंडीत वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडते. गावातल्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय की हा अ‍ॅसिडचा पाऊस आहे, पोरांना भिजू देऊ नका. माझी आठ वर्षांची मुलगी रात्री खोकते, भट्टी पेटली की जास्तच. सासूबाई दरसाल पागोळ्यांचं पाणी डाळ शिजवायला धरतात, ते बंद करू का? विहिरीच्या पाण्याला मार्चपासून वास येतोय. मळीचं पाणी येतं तो ओढा विहिरीला लागूनच आहे. खालच्या तुकड्यात जमिनीवर पांढरं फुटलंय. मालक म्हणतात, भावकीशी आणि कारखान्याशी वाकडं घेऊन कसं जगायचं, तू गप्प बस. मी गप्प बसू का?’

ताई, गप्प बसू नका. पण तोंड उघडाल तेव्हा ‘अ‍ॅसिडचा पाऊस’ हे शब्द त्यात नकोत, कारण त्या दोन शब्दांनी तुमची खरी तक्रार वाहून जाईल. पावसाला ना मालक ना पत्ता. त्याच्यावर बोट ठेवलंत की बाकी सगळे सुटले.

आधी मुलीचं बघू, बागेचं मागाहून. भट्टी पेटली की खोकला वाढतो हे तुम्ही स्वतः टिपलंय. मिरजेत किंवा सांगलीत लहान मुलांच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा हे वाक्य पहिल्यांदा सांगा. नुसतं ‘खोकला आहे’ म्हटलं तर नुसतं औषध मिळेल. कोळसा जळताना गंधकाचा जो वायू निघतो, सल्फर डायऑक्साइड, त्यानं दमेकरी मुलांच्या श्वासनळ्या मिनिटांत आवळतात. तिला दमा आहे की नाही हे डॉक्टर ठरवतील. श्वासातून औषध ओढायचा पंप दिला तर ‘पंपाची सवय लागते’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. सवय लागत नाही, आणि पंपातलं औषध थेट जिथे हवं तिथेच पोचतं. भट्टी चालू असेल त्या रात्री पोरीचं अंथरूण पूर्वेकडच्या खोलीत घाला, पश्चिमेची खिडकी लावून घ्या. तोंडाला ओढणी बांधून वायू अडत नाही. आणि आंघोळीचं पाणी चुलीवर तापत असेल, तर तो धूर भट्टीपेक्षा जवळचा आहे, तेही डॉक्टरांना सांगा.

आता पाऊस. पोरीला खुशाल भिजू द्या. पाऊस खरोखर आम्लधर्मी असला, तरी कैरीच्या पन्ह्याचा आंबटपणा त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. अशा पावसानं कातडी जळत नाही. तो तळ्याचं, जंगलाचं आणि संगमरवराचं नुकसान करतो, तेही वर्षानुवर्षं पडत राहून.

‘अ‍ॅसिड रेन’ हे नाव 1872 मध्ये रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनतज्ज्ञानं त्याच्या पुस्तकात वापरलं. मँचेस्टरच्या कोळशाच्या धुरातून पडणारा पाऊस तो आधीची वीस वर्षं तपासत होता. एक गोष्ट आधी ध्यानात घ्या: शुद्ध पाऊसही किंचित आंबटच असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि त्याचा सामू, म्हणजे पीएच, 7 वरून 5.6 च्या आसपास येतो. माती परीक्षणाच्या कागदावर तुम्ही जो सामू वाचता, तोच हा. पाऊस 5.6 च्या बराच खाली गेला की त्याला आम्लवर्षा म्हणायचं. सामूच्या मोजपट्टीत एक आकडा खाली म्हणजे आम्लता दहापट. 4.6 सामूचा पाऊस 5.6 च्या पावसापेक्षा दहापट आंबट. कोळशातला आणि तेलातला गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो, इंजिनांतून आणि भट्ट्यांतून नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात, ढगात जाऊन पहिल्याचं गंधकाम्ल आणि दुसऱ्याचं नत्राम्ल होतं. स्वीडन-नॉर्वेतल्या तळ्यांतले मासे यानं संपले. तिथल्या ग्रॅनाइटच्या जमिनीत ते आम्ल मारायला चुना नव्हता. मातीतलं ॲल्युमिनियम सुटून पाण्यात उतरलं आणि माशांचे कल्ले बंद पडले.

आपल्याकडे गोष्ट वेगळी आहे. तुमच्या रानातली काळी माती हातात घ्या. तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे असतात, माती परीक्षणात सामू बहुधा 8 च्या आसपास येतो. हीच माती उन्हाळाभर धूळ होऊन हवेत असते. वळीव पडताना ती धूळ पावसात मिसळते आणि त्यातला चुना आम्लाला तिथल्या तिथे मारतो. मी सांगलीत रसायनशास्त्र शिकवायची, तेव्हा दर जूनला मुलांकडून काचेच्या भांड्यात पाऊस धरून घ्यायची आणि सामू दाखवणारा रंगीत कागद बुडवून बघायची. कागद पिवळसर-हिरवट व्हायचा. लाल झालेला मी एकदाही पाहिला नाही. वर्गातली मुलं खट्टू व्हायची, त्यांना आम्लवर्षा बघायची असायची.

म्हणून निर्धास्त राहा असं मात्र मी म्हणणार नाही. भारतीय हवामान विभागानं 1987 ते 2021 अशी चौतीस वर्षं देशात दहा ठिकाणी पावसाचा सामू मोजला. त्यात आपल्या राज्यातली पुणे आणि नागपूर ही दोन ठिकाणं होती. बहुतेक जागी सामू हळूहळू उतरताना दिसला. आणि आपल्या भागात माझ्या मते जपायला हवी ती जागा सांगली नव्हे, साताऱ्याचा घाटमाथा. महाबळेश्वर, कास, कोयनेच्या वरचं जंगल, तिथे काळी माती नाही, जांभा आहे. हजारो मिलिमीटर पावसानं त्यातला चुना केव्हाच धुऊन नेला. उद्या पाऊस खरंच आंबट झाला तर तो मारायला तिथे काही शिल्लक नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं 2012 पासून महाबळेश्वरला ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा चालवली आहे. आपली कृष्णा तिथूनच निघते, म्हणून हे सांगावंसं वाटलं.

तर मग तुमची पानं कशानं गेली?

तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा शब्द आहे ‘पश्चिमेकडच्या’. ढग काही तुमच्या बांधावर येऊन पश्चिमेच्या तीन ओळी निवडत नाही. पाऊस सगळ्या बागेवर सारखा पडतो, शेजाऱ्याच्या बागेवरही पडतो. जे एका बाजूनं कमी होत जातं, ते वाऱ्यानं आणलेलं असतं. मे महिन्यात दुपारनंतर आपल्याकडे पश्चिमेचा वारा असतो आणि भट्टी नेमकी त्याच अंगाला आहे. विटेच्या मातीत थोडा फ्लोराइड असतो. भट्टी लाल झाली की तो वायू होऊन बाहेर पडतो. पान तो शोषून घेतं, पाण्याच्या ओघाबरोबर तो पानाच्या टोकाकडे आणि कडेला जाऊन साठतो, आणि कड जळते. द्राक्षाचं पान या बाबतीत फार हळवं. नुसता गंधकाचा वायू असता तर शिरांच्या मधला भाग फिका पडला असता. आंबट पावसानं झालं असतं तर थेंब बसले तिथे ठिपके दिसले असते. तुम्ही लिहिलेली कड बघता माझा पहिला संशय भट्टीवर आहे.

कारखान्याला या एका गोष्टीतून मोकळं करा. मे महिन्यात गाळप बंद असतं. थंडीत कपड्यांवर पडते ती बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची काजळी, आणि चिपाडात गंधक नावालाच असतो. त्याची राख उलट अल्कधर्मी. छातीला ती वाईटच, पण अ‍ॅसिड नव्हे. कारखान्यात गंधक जाळतात तो दुसऱ्या कामाला, रस स्वच्छ करायला त्याचा धूर रसात सोडतात. हंगामात कधी काडेपेटी पेटवल्यासारखा नाकात झोंबणारा वास आला तर तो त्याचा असू शकतो. त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा.

पण दिरांच्या दारात जायच्या आधी दोन गोष्टी स्वतःच्या घरात तपासा. हे मी आमच्याच घरात झालेल्या चुकीवरून सांगते आहे.

माझ्या वडिलांची तासगावकडे बाग होती. एका वर्षी पानं अशीच भाजली. वडिलांनी शेजाऱ्याच्या फवारणीवर आळ घेतला, बोलणं बंद झालं, आईचं त्या घरी हळदीकुंकवाला जाणंही थांबलं. वर्षभरानं कळलं की दोष आमच्या बोर्डोत, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या फवारणीच्या मिश्रणात होता. कळीच्या चुन्याचं पोतं पावसाळाभर गोठ्यात पडून होतं. असा चुना हवेतला ओलावा आणि वायू ओढून घेतो आणि मरतो, त्याची नुसती खडूसारखी भुकटी उरते. एक किलो मोरचुदाला एक किलो चुना आम्ही मोजून घातला, पण त्यातला जिवंत चुना अर्धासुद्धा नव्हता. मिश्रण आंबट राहिलं आणि त्यानंच पानं जाळली. मोरचुदाचं ते पाणी आम्लच असतं, ताई. आमच्या बागेवर पडलेला अ‍ॅसिडचा पाऊस आम्हीच पंपानं पाडला होता. तेव्हा छाटणीनंतर बोर्डो मारलं असेल तर आठवा, चुना कधीचा होता? पुढच्या वेळी मिश्रणात घासून लखलखीत केलेला लोखंडी खिळा किंवा विळ्याचं टोक मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर फवारू नका. चुन्याची निवळी वाढवत न्या आणि खिळा कोरा निघाला की मगच पंप भरा.

दुसरं, मीठ. खालच्या तुकड्यात पांढरं फुटलंय म्हणता, म्हणजे विहिरीच्या पाण्यातही क्षार असू शकतात. तेच पाणी बागेला जात असेल तर क्षारानंही पानांच्या कडा जळतात. फरक ओळखायचा असा: क्षाराचा मार आधी बुडाकडच्या जुन्या पानांवर दिसतो आणि तो वाऱ्याची दिशा पाळत नाही. जिथे पाणी तुंबतं तिथे तो जास्त. भट्टीचा मार कोवळ्या पानांवरही दिसतो. बागेत फिरून दोन्हीकडची पानं काढा, वहीत दाबून ठेवा, वर ओळीचा नंबर लिहा. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात पान-देठ परीक्षण कसं करून मिळेल ते विचारा आणि फ्लोराइड, सोडियम, क्लोराइड हे तीन शब्द त्यांना आवर्जून सांगा. नेहमीच्या तपासणीत नत्र-स्फुरद-पालाश येतं, हे तीन मागितल्याशिवाय येतीलच असं नाही.

जमिनीवरच्या पांढऱ्या थराचा पावसाशी काही संबंध नाही, तो वर्षानुवर्षं उसाला पाट भरून दिलेल्या पाण्याचा आहे. वाळव्यापासून मिरजेपर्यंत कृष्णाकाठची किती रानं अशी गेली हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. घाईनं जिप्सम टाकू नका. आधी माती तपासा. सोडियम जास्त असून जमीन चोपण झाली असेल तरच जिप्समचा उपयोग. नुसती क्षारयुक्त असेल तर तिला निचरा हवा, चर हवा, आणि पाणी कमी हवं.

विहिरीचं मात्र लांबणीवर टाकू नका. मला तुमच्या पत्रात बागेपेक्षा याचीच जास्त काळजी वाटली. मळीवर चालणाऱ्या डिस्टिलरीतून एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर सांडपाणी निघतं. ते काळंतपकिरी, आंबट, आणि सेंद्रिय घाणीनं इतकं जड असतं की ओढ्यातला सगळा प्राणवायू खाऊन टाकतं. उन्हाळ्यात कृष्णेत मासे तरंगतात ते आम्लानं नाही, गुदमरून. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अशा डिस्टिलऱ्यांसाठी नियमच आहे की सांडपाणी आवाराबाहेर सोडायचं नाही. म्हणजे ओढ्याला मळीचं पाणी येणं हे ‘चालायचंच’ यात बसत नाही. तुमच्या विहिरीत उतरलंय ते मळीचंच की गावच्या गटाराचं, की दोन्ही, हे तपासणीत दिसेल.

तोवर त्या विहिरीचं पाणी पिऊ नका, स्वयंपाकालाही नको. नळाचं वापरा. उकळून भागेल असं समजू नका. उकळण्यानं जंतू मरतात, पण खतातून झिरपलेला नायट्रेट मरत नाही, पाणी आटून तो उलट घट्ट होतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमपर्यंत चालतो, सामू 6.5 ते 8.5 मध्ये हवा. घरात तान्हं बाळ असेल तर नायट्रेटचं फार जपा. जल जीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच बायकांना पाणी तपासायचं किट आणि शिक्षण दिलंय, तुमच्या गावात त्या कोण ते ग्रामपंचायतीत विचारा. पहिली चाचणी त्यांच्याकडून करा. मग भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेची बाटली आणून तिच्यात नमुना द्या. कोल्ड्रिंकची बाटली चालत नाही. आणि वास येत असेल त्याच दिवशी भरा, मुसळधार पाऊस झाल्यावर नव्हे. तेव्हा सगळं पातळ झालेलं असतं आणि कागदावर विहीर चांगली ठरते.

आता माणसांचं, म्हणजे सगळ्यात अवघड.

मालकांवर रागवू नका. कारखान्यानं ऊस वेळेवर तोडला नाही तर काय होतं हे त्यांना ठाऊक आहे, त्यांची भीती खोटी नाही. म्हणून ओढ्याचा अर्ज तुम्ही एकटीनं करूच नका. त्या ओढ्यावर आणखी किती विहिरी आहेत? त्या घरांतल्या बायकांना आधी भेटा, पाणी त्यांनाही भरावं लागतं. पाच-सात घरांच्या सह्या घेऊन विषय 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडा, ठराव लिहून घ्या, आणि ठरावाची प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगलीच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. ठराव गावाचा असला की त्याचा राग कुणा एकाच्या उसावर काढता येत नाही.

दिरांकडे मात्र अर्ज घेऊन जाऊ नका. मालकांना पुढे करा आणि सोबत पानं दाबलेली ती वही न्या. भांडायला जाऊ नका, त्यांना बागेत बोलवा, पश्चिमेची ओळ आणि पूर्वेची ओळ त्यांच्या डोळ्यांनी बघू द्या. वीटभट्टी वस्तीपासून आणि फळबागेपासून किमान 800 मीटर लांब असावी असं केंद्र सरकारच्या फेब्रुवारी 2022 च्या अधिसूचनेत आहे. हे वाक्य त्यांच्या कानावर घाला, पण शेवटी, आणि हळू. आधी मागायचं ते साधं मागा. भट्टीत टायर, जुन्या चपला, प्लास्टिक जळतं का? टायरच्या रबरात गंधकच घातलेला असतो. ते आजपासून बंद. शेवटची भट्टी तुमच्या खरड छाटणीच्या आधी विझेल असं वेळापत्रक पुढच्या हंगामाला बसवता येईल का? आणि माती संपली की जागा बदलावीच लागते, तेव्हा भट्टी ओढ्यापलीकडे पूर्वेला न्यायला काय लागेल? यातलं काहीच जमलं नाही तर प्रदूषण मंडळाचं दार आहेच. पण मुलीचा खोकला हा त्यांच्याही पुतणीचा खोकला आहे, ते विसरले असतील तर आठवण करून द्यायचा हक्क तुमचा.

जाण्याआधी एवढं करा. या वर्षी ऊस तुटल्यावर पाचट पेटवू नका. एकरी तीन-चार टन पाचट निघतं आणि त्याचा धूर दिरांच्या भट्टीइतकाच तुमच्या मुलीच्या छातीत जातो. ते सरीत दाबा, त्या क्षारपड तुकड्यालाही सेंद्रिय खत मिळेल. नाहीतर दीर पहिल्या वाक्यालाच विचारतील, ‘आणि तुझं पाचट, वहिनी?’, आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

एक वही आजच घाला. तारीख, वारा कुठला, भट्टी पेटलेली होती का, ओढ्याला वास होता का, मुलगी रात्री किती वेळा उठली. पाच रकाने, रोज एक ओळ. ‘नेहमीच होतं’ म्हटलं की साहेब मान हलवतात. तारखा पुढे ठेवल्या की त्यांना लिहून घ्यावं लागतं.

आणि सासूबाईंचं पाणी बंद करू नका. पहिले दोन-तीन मोठे पाऊस छप्पर धुऊन जाऊ द्या, कौलांवर भट्टीची राख आणि काजळी साठलेली असते. त्यानंतर पाऊस सुरू झाल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं सोडून मग पागोळीखाली घागर लावा, तोंडाला फडकं बांधून. त्या पाण्यात डाळ लवकर शिजते हे त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. विहिरीच्या जड पाण्यातला कॅल्शियम डाळीचं साल घट्ट करतो, पावसाच्या पाण्यात तो नसतो. हे मला तीस वर्षं शिकवून कळलं, त्यांना घागरीवरून कळलं. त्यांना माझा नमस्कार सांगा.